वाचक विचारतात: नवा ताप येऊन गेला आणि जुन्याच व्हायरसचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, आता काय?

या वेळी आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये चार-पाच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत जवळपास एकच गोष्ट विचारलीये. आजारी पडले एका व्हायरसने आणि रिपोर्टमध्ये नाव आलं भलत्याच कुठल्यातरी, लहानपणी कधीतरी होऊन गेलेल्या. म्हणून पित्त, गुडघे आणि केसगळतीवाले प्रश्न पुढच्या अंकात घेते, रागावू नका.

प्रश्न: माझी मुलगी २७ वर्षांची, हिंजवडीत आयटीत आहे. जूनमध्ये तिला कोविड झाला, तीन दिवस ताप होता, घरीच बरी झाली. पण दीड महिना झाला तरी थकवा जात नाही, जिना चढली की बसते. मैत्रिणीने सांगितलं म्हणून तिने लॅबचं मोठं व्हायरल पॅनेल करून घेतलं. त्यात एप्स्टीन-बार व्हायरसचं व्हीसीए आयजीजी ७५० पेक्षा जास्त (नॉर्मल २० च्या आत लिहिलंय), ईबीएनए आयजीजी पॉझिटिव्ह आणि व्हीसीए आयजीएम निगेटिव्ह आलं. तिने नेटवर वाचलं की या व्हायरसने कॅन्सर होतो, तेव्हापासून घरात रडारड चालू आहे. कोविडमुळे हे नवीन इन्फेक्शन झालं का? आणि आकडा एवढा मोठा म्हणजे किती सिरीयस?
एक वाचक, चिंचवड

उत्तर: ताई, आधी रडारड थांबवा. त्या तीन ओळी एकत्र वाचल्या तर रिपोर्ट एवढंच सांगतोय की हा व्हायरस मुलीला पूर्वी कधीतरी होऊन गेलाय, बहुतेक लहानपणीच, आणि तेव्हा तुम्ही 'घसा आलाय, ताप आहे, दोन दिवस शाळेला दांडी' म्हणून विसरूनही गेला असाल. जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात हा व्हायरस असतो. माझ्या आहे, तुमच्या असणार, त्या रिपोर्टवर ज्यांनी सही केली त्यांच्याही असणार.

व्हीसीए आणि ईबीएनए हे या व्हायरसचे दोन वेगवेगळे भाग, पहिला त्याच्या कवचाचा, आणि आयजीजी, आयजीएम हे त्यांच्याविरुद्धच्या अँटीबॉडींचे प्रकार, आयजीजी टिकाऊ. हे मी इतक्या खात्रीने कसं म्हणते, तर ईबीएनएवरून. ही अँटीबॉडी नव्या इन्फेक्शनमध्ये लगेच येत नाही, आजार सुरू झाल्यावर साधारण दोन ते चार महिन्यांनी हळूहळू दिसायला लागते आणि मग जन्मभर राहते. आयजीएम याच्या उलट, नव्या इन्फेक्शनमध्ये लवकर येते आणि काही आठवड्यांत जाते. तुमच्या मुलीची आयजीएम नाही आणि ईबीएनए आहे, म्हणजे जूनमध्ये नवीन काही झालेलं नाही.

आता तो घाबरवणारा आकडा. ७५० ही त्या मशीनची वरची मर्यादा आहे हो, त्यापुढे ते मोजतच नाही, 'पेक्षा जास्त' छापतं आणि मोकळं होतं. ठणठणीत माणसांचे असे रिपोर्ट मी लॅबमध्ये ढिगाने पाहिलेत. आणि मुळात मुलीचा कोविडच्या आधीचा आकडा आपल्याकडे आहे का? नाहीये. कोणाकडेच नसतो, कारण बरा असताना कोण कशाला ही टेस्ट करतंय. मग 'वाढला' म्हणायचं तरी कशाच्या जोरावर?

तरीपण तुमचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण नवीन व्हायरस आला की अंगात लपून बसलेल्या जुन्या व्हायरसच्या अँटीबॉडी खरंच हलू शकतात. हर्पीसच्या खानदानातले व्हायरस एकदा आले की जात नाहीत. कांजिण्यांचा मणक्याजवळच्या नसांच्या गाठींत राहतो, ओठाच्या कडेला पाण्याच्या फोडांचा झुबका आणणारा चेहऱ्याच्या नसेच्या गाठीत, आणि हा एप्स्टीन-बार, १९६४ मध्ये इंग्लंडमध्ये सापडलेला, तो बसतो बी पेशींमध्ये, म्हणजे ज्या पेशींनी अँटीबॉडी बनवायच्या त्यांच्याच पोटात. आता गंमत बघा, अशी पेशी एरवी गप्प असते, पण नवीन इन्फेक्शन आलं आणि तिला अँटीबॉडी बनवायच्या कामाला लागायचा हुकूम मिळाला की ती प्लाझ्मा पेशी व्हायला लागते आणि नेमक्या त्याच वेळी आतला व्हायरसही जागा होऊन स्वतःची पिल्लं काढायला लागतो, त्याच्या कवचाची प्रोटीन बाहेर पडतात, शरीर ती बघतं आणि व्हीसीए, अर्ली अँटिजेन (व्हायरस जागा होताना आधी बनणारी प्रोटीन) वगैरेंच्या अँटीबॉडी वाढतात. शिवाय या व्हायरसवर रोजचा पहारा ठेवणाऱ्या असतात त्या टी पेशी, आणि कोविडसारख्या आजारात त्यांचीच संख्या काही दिवस घसरते, त्यात कोणी स्टेरॉइड चालू केलं असेल तर आणखीनच.

दुसरा प्रकार असा की जुना व्हायरस जागचा हललेलाही नसतो, पण नव्या इन्फेक्शनने सगळीकडे इतका गोंधळ उडतो की ज्यांचा काही संबंध नाही अशा जुन्या बी पेशीही चेकाळतात आणि आपापल्या जुन्या अँटीबॉडी थोड्याफार सोडतात. रात्री गल्लीतली कुत्री भुंकायला लागली की काहीतरी हललंय एवढं कळतं, घर जास्त सुरक्षित झालं असं कोणी म्हणत नाही, आणि कितीदा तर एकानेच खरं काहीतरी पाहिलेलं असतं आणि बाकीची नुसती साथ देत असतात. लपलेल्या व्हायरसच्या वाढलेल्या अँटीबॉडीचं तसंच आहे. लोकांना वाटतं आकडा वाढला म्हणजे ताकद वाढली, किंवा मग आकडा वाढला म्हणजे रोग वाढला, आणि दोन्ही चूक. अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत १९८० च्या दशकात ग्लेझर पती-पत्नींनी मेडिकलच्या विद्यार्थ्यांचं रक्त परीक्षेच्या दिवसांत आणि मग सुट्टीहून आल्यावर असं तपासलं, तर एप्स्टीन-बार आणि त्याच्या भावंडांच्या अँटीबॉडी परीक्षेच्या दिवसांत जास्त निघाल्या. पोरांची प्रतिकारशक्ती परीक्षेत सुधारली होती असं थोडंच आहे, टी पेशींचा पहारा सैल झाला होता म्हणून व्हायरस वळवळला आणि म्हणून अँटीबॉडी वाढल्या.

कोविडनंतरच्या थकव्याशी याचा संबंध जोडणारे अभ्यास आहेत, ते लपवत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला, लाँग कोविडवाल्या ३० जणांपैकी २० जणांत एप्स्टीन-बार जागा झाल्याच्या खुणा सापडल्या आणि कोविडनंतर ठणठणीत असलेल्या २० जणांत फक्त २ जणांत. पुढच्या वर्षी 'सेल' या विज्ञानपत्रिकेत आलेल्या अभ्यासात कोविडचं निदान होताना रक्तात या व्हायरसचा डीएनए असणं हा लाँग कोविडच्या चार धोक्यांपैकी एक निघाला, बाकीच्यांत टाइप २ डायबेटिसही होता. २०२३ मध्ये येल आणि माउंट सायनायच्या गटाला लाँग कोविडच्या पेशंटमध्ये एप्स्टीन-बारविरुद्धच्या अँटीबॉडी जास्त दिसल्या. पण त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या एका गटाला वेगळंच एक टोक हाताला लागलं, थकवा असलेल्यांत एप्स्टीन-बारच्या अँटीबॉडी जास्त होत्या खऱ्या, पण ज्यांना आधी सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस, हर्पीसच्याच खानदानातला) होऊन गेला होता त्यांच्यात मेंदूच्या तक्रारी उलट कमी दिसल्या! म्हणजे जुने भाडेकरू सगळे एकाच बाजूचे नाहीत. माझं मत विचाराल तर यातून गटागटांतला फरक कळतो, तुमच्या मुलीच्या एका कागदावरून तिचा थकवा कशाने आलाय ते कळत नाही. अर्ली अँटिजेनची टेस्ट करू का असं काही जण विचारतात, तर ती ठणठणीत माणसांतही साधारण पाचात एकाची वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह असते, मग करून काय मिळवणार.

कॅन्सरचं म्हणाल तर संबंध आहे, पण काही विशिष्ट आणि दुर्मिळ कॅन्सरशी, आणि त्यातही इतर कारणं जोडीला लागतात. व्हायरस घेऊन जगणाऱ्यांपैकी बहुतेकांना जन्मभर त्याचा पत्ताही लागत नाही. ज्यांचं अवयव-प्रत्यारोपण झालंय त्यांच्यात मात्र रक्तातला या व्हायरसचा डीएनए मुद्दाम मोजत राहतात, तिथे ते खरंच गरजेचं असतं.

मुलीचं काय करायचं? हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, बी१२, साखर हे झालंय का बघा, शाकाहारी असेल तर बी१२ आधी बघा. झोप किती होते, रात्रपाळी आहे का, मन खट्टू आहे का हेही विचारा, आणि वजन उतरत असेल, संध्याकाळी ताप येत असेल किंवा मानेत गाठ लागत असेल तर थेट डॉक्टरकडे. कोविडनंतरच्या थकव्यात जिद्दीने जिम लावू नका, झेपेल तेवढंच चाला, दुसऱ्या दिवशी आडवं व्हायला लागलं तर त्याहून कमी. एप्स्टीन-बारवर चांगल्या तब्येतीच्या माणसाला द्यायचं असं मान्यताप्राप्त औषध नाही. त्यामुळे 'व्हायरल लोड डिटॉक्स' नावाने कोणी पाच हजारांचं पाकीट विकत असेल तर तेवढ्यात चांगले काजू येतील.

प्रश्न: वडील ६८ वर्षांचे. कोविडनंतर महिन्याभरात कमरेला नागीण निघाली. गावाकडे म्हणाले तोंड आणि शेपूट मिळालं तर माणूस दगावतो, म्हणून गेरू लावला, मंत्र घातला. आता फोड वाळलेत पण ठणका आहे. आई ६५ ची आहे, तिला होऊ नये म्हणून तिच्या नागिणीच्या अँटीबॉडी तपासून मग लस द्यायची की नाही ते ठरवू का? आणि घरात नातू कांजिण्यांनी आजारी आहे, त्याला लांब ठेवायचं का?
एक वाचक, कराड

उत्तर: तोंड-शेपूट मिळणं बहुतेक वेळा होतच नाही, कारण नागीण एका नसेच्या पट्ट्यातच येते आणि तो पट्टा पाठीच्या कण्यापासून निघून पोटाच्या मध्यरेषेपाशी संपतो, पलीकडे जात नाही. फारच कमजोर प्रतिकारशक्तीच्या माणसात दोन्ही बाजूंना येऊ शकते, तीही गेरू न लावल्यामुळे नव्हे. वाईट याचं वाटतं की मंत्रात ते दोन-तीन दिवस जातात. असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर जास्त उपयोग होतो. आता ठणक्यासाठी नसांच्या दुखण्याची वेगळी औषधं असतात, साधी पेनकिलर चघळत बसू नका. आणि कोणाच्या कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर असे फोड दिसले तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा, तिथे डोळ्याला धोका असतो.

कोविडचा संबंध असू शकतो. अमेरिकेतल्या विम्याच्या नोंदींवरून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पन्नाशीपुढच्या लोकांत कोविडनंतर नागिणीचा धोका १५ टक्क्यांनी जास्त दिसला, हॉस्पिटलमध्ये जावं लागलेल्यांत २१ टक्क्यांनी. टक्के ऐकून दचकू नका, वय वाढण्याने जो धोका वाढतो त्याच्यापुढे हे काहीच नाही.

आईची अँटीबॉडी टेस्ट? नको. पैसे वाचवा. लहानपणी कांजिण्या झालेल्या म्हाताऱ्या माणसाच्या अँटीबॉडी बऱ्यापैकी टिकून असतात, उतरतात त्या टी पेशी, आणि नागीण थोपवायचं काम टी पेशींचं. म्हणजे रिपोर्ट झकास आला तरी नागीण निघू शकते. वडिलांचं रक्त आत्ता तपासलं तर त्यांच्या अँटीबॉडी आईपेक्षा जास्त निघतील, आणि नागीण निघाली कोणाला? लस देताना अँटीबॉडी बघायची गरजच नसते. पन्नाशीपुढच्यांसाठीची नवी लस आपल्याकडे २०२३ पासून मिळते, दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. महाग आहे, परवडत असेल तर आईला द्या, वडिलांनाही फोड पूर्ण बरे झाल्यावर डॉक्टरांना विचारून द्या. दंड दोन दिवस चांगलाच दुखतो आणि अंगात कसकस येते, ते आधीच सांगून ठेवा नाहीतर दुसरा डोस घ्यायला आई येणार नाही.

नातवाचं मात्र ऐका, हे मला फार आवडतं. इंग्लंडमध्ये सायरेन्सेस्टर गावात होप-सिम्पसन नावाचे एक साधे फॅमिली डॉक्टर होते, त्यांनी आपल्याच दवाखान्यातल्या १६ वर्षांच्या नोंदी काढून १९६५ मध्ये मांडलं की कांजिण्यांचा व्हायरस अंगातच राहतो आणि नागीण त्याचीच, आणि कांजिण्यांची पोरं आसपास असली की मोठ्यांची प्रतिकारशक्ती पुन्हा ताजी होत राहते. तेव्हा तो अंदाज होता. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या नोंदी तपासल्या तर घरात कांजिण्यांचं मूल असलेल्या मोठ्यांना पुढची दोन वर्षं नागीण ३३ टक्क्यांनी कमी झालेली दिसली, आणि दहा-वीस वर्षांनंतरही २७ टक्क्यांनी कमी. इथे बाहेरून आलेला व्हायरस तोच असतो, म्हणून टी पेशींनाही उजळणी मिळते, कोविडसारख्या परक्या व्हायरसने ती मिळत नाही. तर आजीला कांजिण्या होऊन गेल्या असतील तर तिला नातवापासून पळवू नका. घरात गरोदर बाई, तान्हं बाळ किंवा केमो चालू असलेलं कोणी असेल आणि त्यांना कांजिण्या झालेल्या नसतील, तर त्यांना मात्र नातवापासून आणि वडिलांच्या ओल्या फोडांपासूनही लांब ठेवा.

प्रश्न: सून तीन महिन्यांची गरोदर आहे. मध्यंतरी तिला ताप आणि सांधेदुखी झाली, चिकनगुनिया सांगितलं. नंतर टॉर्च टेस्ट केली, सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम वीकली पॉझिटिव्ह. एका ठिकाणी सरळ सांगितलं की बाळात व्यंग येईल, रिस्क घेऊ नका, खाली करा. आम्ही काय करावं कळत नाही.
एक वाचक, नांदेड

उत्तर: मावशी, एवढ्याशा कागदावर कोणीही असा निर्णय घेऊ नये. घेऊच नये. या टॉर्च टेस्टने, म्हणजे गर्भाला त्रास देऊ शकणाऱ्या इन्फेक्शनच्या एकत्र रक्ततपासणीने, आपल्याकडे किती घरांची झोप उडवलीये याचा हिशोब नाही, अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संस्थासुद्धा गरोदर बायकांची सरसकट सीएमव्ही तपासणी करा असं म्हणत नाही.

आपल्या देशात बहुतेक बायकांना लग्नाच्या वयाच्या आधीच सीएमव्ही होऊन गेलेला असतो, म्हणून आयजीजी पॉझिटिव्ह येणं हे अपेक्षितच आहे. गोंधळ घालते ती आयजीएम. ती पहिल्या इन्फेक्शनमध्ये येते हे खरं, पण नंतर कित्येक महिने रेंगाळते, जुना व्हायरस थोडा हलला तरी येते, एप्स्टीन-बारसारखं दुसरं काही झालं की खोटीच येते, रक्तात ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर (संधिवातात दिसणारी एक अँटीबॉडी) असला तरी येते. तापातून उठलेल्या माणसाच्या रक्तात सगळ्या प्रकारच्या अँटीबॉडींची इतकी गर्दी असते की अशा वेळी आलेल्या 'वीकली पॉझिटिव्ह'वर मी तरी फारसा भरवसा ठेवत नाही.

यातून वाट काढायला आयजीजी ॲव्हिडिटी नावाची टेस्ट असते. ताज्या इन्फेक्शनच्या अँटीबॉडी व्हायरसला सैल चिकटतात, महिने जातील तशी पकड घट्ट होत जाते. लॅबमध्ये करतात काय, तर अँटीबॉडी चिकटू देतात आणि मग युरियासारख्या द्रावणाने धुतात, सैल असतील त्या निघून जातात, घट्ट असतील त्या राहतात. सुनेच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या रक्तात ॲव्हिडिटी हाय आली तर इन्फेक्शन दिवस राहायच्या आधीचं, आणि चिंता बरीचशी मिटली. लो आली तरी लगेच आभाळ कोसळत नाही, पहिलंच इन्फेक्शन असलं तरी साधारण तीस-चाळीस टक्के वेळाच ते बाळापर्यंत पोचतं आणि पोचलेल्यांतली बहुतेक बाळं जन्मतः बरीच असतात. जुनंच इन्फेक्शन परत हललं असेल तर पोचण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास. तेव्हा आत्ता ॲव्हिडिटी करा, तेच रक्त जपून ठेवायला सांगा आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरं घेऊन दोन्ही एकाच लॅबमध्ये एकाच वेळी लावायला सांगा, वेगवेगळ्या लॅबचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. मग फीटल मेडिसिनवाल्यांना, म्हणजे पोटातल्या बाळाच्या तज्ज्ञांना दाखवा, त्यांना वाटलं तर सोनोग्राफी बारकाईने होईल आणि पाच महिन्यांनंतर गर्भजलाची तपासणीही करता येते. जे डॉक्टर एका आयजीएमवर खाली करा म्हणाले त्यांच्याकडे परत जायची गरज मला दिसत नाही. आणि सुनेला सांगा, घरात दोन-तीन वर्षांचं पोर असेल तर त्याचं उष्टं खाऊ नको, शी-शू, शेंबूड पुसल्यावर हात धू, हा व्हायरस तिथूनच येतो.

प्रश्न: मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे. प्लाझ्मा पेशींना बोन मॅरोमध्ये जागा मर्यादित असते असं शिकवलं. मग प्रत्येक नव्या इन्फेक्शनच्या नव्या प्लाझ्मा पेशी आल्या की जुन्या बाहेर फेकल्या जाऊन जुन्या व्हायरसच्या अँटीबॉडी कमी व्हायला नकोत का?
एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर: शाब्बास, या प्रश्नावर मोठमोठ्या लोकांनी भांडणं केलीत. आयजीजीचा एक रेणू रक्तात टिकतो तीनेक आठवडे, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच्या गोवराच्या अँटीबॉडी आज दिसतायत तर त्या कोणीतरी आजही बनवतंय. कोण, हाच वाद. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लँझावेक्कियांच्या गटाने दाखवलं की धनुर्वाताची लस दिली की रक्तात धनुर्वाताच्या जोडीला गोवरासारख्या असंबंधित गोष्टींच्या प्लाझ्मा पेशीही वाढतात, त्यांचं म्हणणं असं की नव्या गडबडीत जुन्या मेमरी बी पेशींनाही धक्का मिळतो आणि म्हणून जुनी आठवण ताजी राहते. मग बर्लिनच्या राडब्रुखांच्या गटाने तीन वर्षांनी जवळपास तेच निरीक्षण उलटं लावलं, की या नवीन बनलेल्या नाहीतच, नव्या पेशींनी मॅरोमधून ढकलून बाहेर काढलेल्या जुन्या आहेत. तुझा प्रश्न हाच.

मग खरंच ढकललं जात असेल तर आयुष्यभरात शंभर सर्दी-खोकले झालेल्या माणसाच्या जुन्या अँटीबॉडी संपायला हव्यात, पण तसं दिसत नाही. २००७ मध्ये ओरेगॉनच्या गटाने ४५ जणांचं, काहींचं तर २६ वर्षं साठवलेलं रक्त काढून हिशोब केला. अँटीबॉडी निम्म्यावर यायला धनुर्वाताला ११ वर्षं, घटसर्पाला १९, कांजिण्यांना ५०, गोवर आणि गालगुंडाला २०० वर्षांच्या पुढे, आणि एप्स्टीन-बारच्या तर इतक्या कमी हलल्या की गणित हजारो वर्षांवर गेलं. आता यात तू काय बघावंस, तर अंगात मुक्काम असलेल्या कांजिण्यांच्या अँटीबॉडी ५० वर्षांत निम्म्या आणि अंगातून पूर्ण निघून गेलेल्या गोवराच्या २०० वर्षांतही नाहीत. म्हणजे 'व्हायरस आत आहे म्हणून अँटीबॉडी टिकतात' हे उत्तर पुरत नाही. व्हायव्हात कोणी विचारलं तर सांग की ढकलाढकली होते पण एका इन्फेक्शनमागे फार थोडी, आणि मग परीक्षक काय म्हणतात ते मला कळव.

प्रश्न: मुलगा पाच वर्षांचा, लस राहून गेली होती, त्याला गोवर झाला. कोणीतरी सांगितलं की गोवराने आधीच्या सगळ्या लसी धुऊन जातात. खरंय का? धाकटा आठ महिन्यांचा आहे.
एक वाचक, मालेगाव

उत्तर: सगळ्या धुऊन जात नाहीत, पण जे सांगितलं ते अगदीच थाप नाही. आत्तापर्यंत आपण अँटीबॉडी वाढायच्या गोष्टी करत होतो, गोवर हा त्यातला उलटा गडी. त्याला आत शिरायला जे दार लागतं ते नेमकं मेमरी बी आणि टी पेशींवर असतं, म्हणजे ज्यांच्याकडे जुन्या आजारांची आठवण असते त्याच पेशी तो मारतो. पुरळ जातं, ताप जातो, पण प्रतिकारशक्ती पुढची दोन-तीन वर्षं कच्ची राहू शकते. व्हिएन्नाच्या फॉन पिर्केंनी १९०८ मध्येच पाहिलं होतं की टीबीच्या टेस्टला ज्या मुलांच्या हातावर गाठ यायची त्यांना गोवर झाला की ती येईनाशी होते.

नेदरलँडमध्ये काही धार्मिक समाजात लस घेत नाहीत, तिथे २०१३ मध्ये गोवराची साथ आली, त्यातल्या ७७ मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं गेलं आणि २०१९ मध्ये ते छापून आलं. मुलांनी आधीच्या आजारांतून कमावलेल्या अँटीबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के प्रकार गायब झाले होते, कोणाचे थोडे, कोणाचे पाऊण. लस घेतलेल्या मुलांत असं काही झालं नाही, म्हणजे 'लसही व्हायरसच, मग तीही तेच करत असेल' ही शंका मनातून काढून टाका. गेलेल्या अँटीबॉडी परत मिळवायच्या तर तो तो जंतू पुन्हा भेटावा लागतो. अंगात लपलेले व्हायरस अधूनमधून स्वतःहूनच भेट देतात, म्हणून त्यांच्याविरुद्धची उजळणी लवकर होत असावी असा आपला माझा तर्क, पण न्यूमोनियाचे जंतू काही अंगात राहून उजळणी देत नाहीत, आणि गोवरानंतर मुलं दगावतात ती बरीचशी न्यूमोनियाने.

तेव्हा मुलाला व्हिटॅमिन ए चे डोस लागोपाठ दोन दिवस मिळाले का ते विचारा, नसतील तर आजच आरोग्य केंद्रात जा. लसीचं कार्ड घेऊन जा, जे डोस राहिलेत ते बरा झाल्यावर पूर्ण करून घ्या. झालेल्या सगळ्या लसी पुन्हा द्या असा काही नियम नाही, पण पुढचं वर्षभर खोकला-ताप आला तर घरगुती काढ्यावर दिवस काढू नका, श्वास जोरात चालतोय का, छातीखाली खड्डा पडतोय का बघा आणि लगेच न्या. धाकट्याचं आजच डॉक्टरांना सांगा, २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे साथ आली होती तेव्हा सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस दिला होता आणि तो न धरता पुढचे दोन नेहमीचे डोस वेगळेच द्यायचे असतात. भावाच्या संपर्कात आल्यापासून ७२ तासांच्या आत लस मिळाली तर उपयोग होतो, म्हणून हे उत्तर वाचायची वाट न बघता तुम्ही गेलाच असाल असं धरून चालते.